दारात ‘ये’ म्हणू नका

१

आमच्या बाबांकडे एकच शब्द उरला होता. ‘ये.’

पाणी हवं असलं की ये. पंखा कमी कर, ये. पाठ दुखतेय, ये. टीव्हीवर कोणी मूर्खासारखं बोललं तरी ये, फक्त जरा खालच्या पट्टीत. ज्या माणसाने सगळी नोकरी बसस्टँडच्या घोषणेच्या खिडकीत काढली, ज्याच्या आवाजाने झोपलेले ड्रायव्हर दचकून उठायचे, त्याच्या मेंदूत रक्ताची एक बारीकशी गाठ अडकली आणि सगळा माल घेऊन गेली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, ओठाचा उजवा कोपरा ओघळला. जाता जाता एवढा एक शब्द तेवढा मागे ठेवला.

मी कवळ्या बनवते. डेंटल लॅबमध्ये दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या. कवळी केसभर चुकली तरी माणसाच्या ‘स’ची शिट्टी होते आणि मग तो डॉक्टरकडे, डॉक्टर माझ्याकडे, अशी वरात येते. त्यामुळे कुठल्या अक्षराला काय लागतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘ब’ला दोन्ही ओठ मिटावे लागतात. ‘स’ला पुढचे दात लागतात. ‘ये’ला ओठही नकोत, दातही नकोत. बाबांकडे नेमका तोच का उरला, याचं मला कधी कोडं पडलं नाही. गरिबाघरचं अक्षर आहे, फुकटात होतं.

सकाळी निघताना मी दारात चपला घालत म्हणायची, “येते, बाबा.” ते खुर्चीतून म्हणायचे, “ये.” दिवसभरात तेवढा एकदाच तो शब्द आपल्या जागेवर बसायचा. त्या एका क्षणी बाबा पूर्वीचे वाटायचे. मग मी जिना उतरताना डोळे पुसायची आणि लॅबमध्ये जाऊन कोणावर तरी खेकसायची.

त्यांनी चालावं अशी माझी काही फार इच्छा नव्हती, खुर्ची ढकलायला मी खमकी आहे. त्यांनी बोलावं, एवढंच मला हवं होतं. पण बोलणं शिकवायला येणारी थेरपिस्ट स्पष्टवक्ती होती. जे शब्द परत यायचे ते पहिल्या काही महिन्यांतच येतात, म्हणाली, मग दार बंद होतं. दुसरा झटका आला तर सगळंच संपलं. आणि बाबा तर माणसांसमोर तोंड उघडायलाच लाजायचे. म्हणून तिनेच सुचवलं की घरात एखादं शांत कुत्रं आणा. कुत्र्याशी माणूस चुकीचं बोलायला लाजत नाही.

बाजारातून पिल्लू विकत आणणं मला पटेना. एका संस्थेचं नाव कळलं. तिला स्वतःचं आवार नाही की पिंजरे नाहीत. रस्त्यावरून उचललेली कुत्री ती लोकांच्या घरी सांभाळायला ठेवते, कायमचं घर मिळेपर्यंत. सांभाळणाऱ्यांना फॉस्टर म्हणतात. संस्थेची मुलगी आधी फोनवर बोलली, मग घर बघायला आली. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं, गावाला गेलात तर काय. एवढी चौकशी लोक जावई करतानाही करत नाहीत. दिवसा बाबांना सांभाळायला मावशी असतात म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मावशींनी कुत्र्याचं ऐकून कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत.

२

कुत्रा ज्यांच्याकडे होता त्या बाईंचं घर वरच्या मजल्यावर होतं. नीटनेटकं, जरा जास्तच नीटनेटकं. मी मनातल्या मनात त्यांना फॉस्टरबाई म्हणू लागले आणि पुढेही तेच नाव राहिलं.

कुत्रा काळा, मध्यम अंगाचा, एक कान दुमडलेला. नाक इतकं गोल आणि चकचकीत की त्याला बटण म्हणत. त्याने माझा हात हुंगला, माझ्या बोटांचा प्लास्टरचा वास त्याला आवडला असावा, आणि पायाशी येऊन टेकला. तिथेच माझं ठरलं.

दारासमोर एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा रचलेला होता, पार पाठीपर्यंत. मला टेकायला जागा हवी म्हणून मी तो उचलू लागले, तर बाई चटकन पुढे झाल्या आणि मला आतल्या पलंगावर नेऊन बसवलं. मला वाटलं, असतो एकेकाला घोर वस्तू हलवण्याचा.

बटणचं खाणं, फिरणं, औषध, सगळं त्यांनी सांगितलं. हाक मारायची तर शीळ घाला, म्हणाल्या. दोन आखूड, एक लांब. ‘ये’ म्हटलेलं त्याला कळत नाही, तो शब्द त्याला शिकवलेलाच नाही. मग माझ्याबरोबर आलेली संस्थेची मुलगी चहाचे कप आत न्यायला गेली तेव्हा बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“आणि दारात उभं राहून कोणी ‘ये’ म्हणू नका. ये नाही, या नाही. दार उघडं असताना तर नाहीच.”

मी हसले. म्हटलं, आमच्या बाबांना तेवढंच म्हणता येतं. बाईंच्या हातात बटणचा पट्टा होता, तो त्या गुंडाळत होत्या. गुंडाळायच्या थांबल्या. तेवढ्यात मुलगी परत आली आणि तिने तो प्रश्न निकालात काढला. काही कुत्री दारातून पळतात, त्यांना दारात हाकबिक मारलेली चालत नाही, प्रत्येक फॉस्टरच्या अशा काही सवयी असतात, आठवडाभरात सगळं रुळतं. पटण्यासारखंच होतं. माझ्यासारख्या बाईला कारण मिळालं की पुरे.

निघताना मी सवयीने म्हटलं, “येते हं.” आपल्याकडे जाते म्हणत नाहीत, आणि यावर समोरचा माणूस ‘या’ म्हणतो, शत्रू असला तरी म्हणतो. फॉस्टरबाई काही बोलल्या नाहीत. मान हलवली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी. कुत्रा न्यायला आलेल्या माणसाला एवढा निरोप, असं म्हणत मी फणफणत जिना उतरले.

३

बटण आमच्याकडे असा रुळला की जणू इथेच जन्मला. मावशी त्याच्या नावाने बोटं मोडायच्या आणि आपल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा त्याला द्यायच्या. बाबांच्या निकामी पायावर हनुवटी टेकून तो तासन्‌तास पडायचा. बाबा डाव्या हाताने त्याचा दुमडलेला कान उलगडायचे, तो पुन्हा दुमडायचा. ये, ये, ये. त्या एका अक्षराला आता चढउतार आले. कधी प्रश्न, कधी दटावणी. थेरपिस्ट खूश झाली. शब्द नसले तरी बोलण्याची चाल परत येतेय, म्हणाली. त्या दिवशी मी लॅबमध्ये कोणावरही खेकसले नाही, तर पोरींनी विचारलं, ताप आहे का.

आमचं मुख्य दार एका अरुंद बोळात उघडतं. एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागतं. बोळ संपला की बैठकीची खोली. तिच्या तोंडाशीच बाबांची चाकांची खुर्ची असते, म्हणजे येणारं जाणारं त्यांना दिसतं. आणि तिच्यासमोर त्यांची जुनी खुर्ची, घोषणेच्या खिडकीतली. निवृत्त होताना त्यांनी ती मागून घेतली होती. तपकिरी रेक्झिनची, जाड गादीची. बसलं की ती फुस्स करून हवा सोडते आणि उठलं की हळूहळू श्वास भरून घेतल्यासारखी फुगते. बाबा आजारी पडल्यापासून तिच्यात कोणी बसत नव्हतं.

एका सकाळी मी दार उघडलं, चपला घातल्या, “येते, बाबा.” ते म्हणाले, “ये.” बटण बोळात उभा होता. तो बाजूला झाला. चपलांच्या कपाटाला अंग घासून, पोट आत घेऊन, मान खाली घालून उभा राहिला. मला वाट देतोय म्हणून मी कौतुकाने त्याच्या डोक्यावर थोपटलं. पण मी बाहेरच्या बाजूला होते. मला वाट द्यायची गरजच नव्हती.

मग त्याची मान हळूहळू वळली, दाराकडून खोलीकडे. एखादं माणूस आपल्या जवळून आत गेलं की आपली नजर जशी वळते तशी.

मी बसच्या गडबडीत होते. दार ओढून घेतलं आणि गेले.

४

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मी ‘येते’ म्हणायची, बाबा ‘ये’ म्हणायचे, बटण कपाटाला चिकटायचा आणि त्याची नजर आत जायची. तेव्हा कुठे फॉस्टरबाईंचं बोलणं मला आठवलं. लगेच मी स्वतःला झापलं. बोळात वारा येत असेल. वाऱ्याबरोबर कसला तरी वास येत असेल. कुत्र्याचं नाक ते, त्याला काय काय कळतं आपल्याला काय माहीत.

मग मावशींनी विचारलं. संध्याकाळी मी आल्यावर त्या पिशवी घेऊन निघत होत्या, आणि सहज विचारावं तसं विचारलं, पण माझ्याकडे न बघता. ताई, दुपारी कोण येतं हो बाबांकडे? मी म्हटलं, कोण येणार, तुम्हीच असता की. तर म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात असते, बाबा बाहेर बोलत असतात. ये, मग थांबतात. मग ये, ये. मग हसतात.

मी म्हटलं, कुत्र्याशी बोलतात.

“बटण माझ्याजवळ असतो, ताई. तो दुपारी बाहेरच्या खोलीत थांबत नाही.”

मी म्हटलं, मावशी, मेंदूला मार बसलेला माणूस आहे, एकटाही हसेल. त्यांनी मान डोलावली आणि पायऱ्या उतरल्या. उतरताना त्यांनीही ‘येते’ म्हटलं नाही, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

त्या संध्याकाळी मी बाबांसमोर स्टूल टाकून बसले आणि खूप वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. ते ताजेतवाने दिसत होते. गालांवर रंग आला होता. रोज कुणीतरी भेटायला येतं अशा म्हाताऱ्यासारखे, दाढी करून घेतलेले, वाट पाहणारे. मी विचारलं, “बाबा, दुपारी कोणी येतं का?” ते माझ्याकडे बघून गोड हसले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, रेक्झिनच्या खुर्चीकडे, आणि मी विनोद केला असावा तसे ते तिकडे बघूनही हसले.

५

रविवारी मी घरीच होते. दुपारची वेळ, खोलीत लख्ख ऊन. बाबांची कवळी धुवायला म्हणून मी वाटीत घालून मोरीत नेली होती. ती कवळी मीच केलेली, त्यांच्या जबड्याचा उंचवटान्‌उंचवटा मला माहीत आहे. नळ बंद केला आणि बाहेरून आवाज आला.

“बस.”

मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. दुसरा शब्द. आणि तोही बाबांचाच, सगळ्या आयुष्यात त्यांनी जो सर्वात जास्त वेळा म्हटला असेल तो. अमक्या गावाची बस, तमक्या गावाची बस, बस सुटत आहे. कुठल्याही थेरपिस्टने सांगितलं असतं की परत येईल तर हाच येईल. मी धावतच बाहेर आले.

तेवढ्यात फुस्स झालं.

रेक्झिनच्या खुर्चीची गादी खाली दबलेली होती. मधोमध, चांगली खोल. बाबांची खुर्ची तिच्यापासून इतकी लांब की त्यांचा चांगला हातसुद्धा तिथे पोचला नसता. बटण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होता. ‘बस’ ऐकून तोही बसला होता, हा शब्द त्याला शिकवलेला होता. पण त्याचे मागचे पाय थरथरत होते.

मी कारणं शोधली. गादी जुनी आहे, उन्हाने हवा तापली असेल, शिवण उसवली असेल. जवळ जाऊन हात लावायचं काही माझ्याने झालं नाही. आणि मग माझ्या हातातल्या वाटीकडे माझं लक्ष गेलं. बाबांची कवळी माझ्याजवळ होती. त्यांच्या तोंडात पुढचे दात नव्हते, ओठाचा कोपरा मिटत नव्हता. आणि मी ऐकलेला ‘ब’ गच्च मिटलेल्या ओठांचा होता, ‘स’ला शिट्टी नव्हती की हवा सुटलेली नव्हती. असा ‘स’ बिनदाताच्या तोंडातून येत नाही. पोटासाठी मी दुसरं काय करते?

बाबा माझ्याकडे अभिमानाने बघत होते, पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलासारखे. मी काय करणार होते? मी त्यांच्या गळ्यात पडले आणि रडले. रडता रडता कान मात्र मागे होते. बऱ्याच वेळाने गादीने हळूच श्वास भरून घेतला.

६

सोमवारी लॅबच्या जिन्यात उभं राहून मी फॉस्टरबाईंना फोन केला. तुमच्याकडे काय व्हायचं, ते खरं सांगा, असं सरळच विचारलं.

“माझ्याकडे काही झालं नाही,” त्या म्हणाल्या. “मी कधी म्हटलंच नाही.”

मी म्हटलं, आमचे बाबा तर रोज म्हणतात.

“बस म्हणाले का ते?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

संस्थेच्या मुलीला सांगायला मला काही तोंड नव्हतं, म्हणून एवढंच म्हटलं की कुत्रा आम्हाला झेपत नाही. ती बिचारी समजूतदार. शनिवारी दुसरं फॉस्टर घर बघून घेऊन जाते, म्हणाली. मी घरी आले तर बाबांचा डावा हात बटणच्या मानेवर होता आणि त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी नवं जुळवत असल्यासारखे. थेरपिस्ट येऊन गेली होती. तिने मावशींकडे निरोप ठेवला होता की आता कुठलाही शब्द कुठल्याही दिवशी येईल, काही बदलू नका. मी मुलीला पुन्हा फोन करून शनिवारचं रद्द केलं. बाबा बोलणार होते. त्यापुढे एक खुर्ची फुसफुसते म्हणून मी दार लावून घेऊ?

पण भीती वाटतच होती, म्हणून मी मधला मार्ग काढला. बाबांची खुर्ची खिडकीपाशी हलवली, जिथून दार दिसत नाही. आणि सकाळी न बोलता, चोरासारखी, चपला हातात घेऊन निघायला लागले. येते नाही, काही नाही.

बाबांना ते लागलं. पहिल्या दिवशी ते माझ्या ‘येते’ची वाट बघत मान ताणून बसले होते, असं मावशी म्हणाल्या. मग त्यांनी सूप थुंकलं. मग बोलणं थांबवलं, ‘ये’सुद्धा. आठवडा संपेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बटण दारापाशी नाक खुपसून पडून राहायचा. घरात इतकी शांतता की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची. शेवटी मावशींनीच मला सुनावलं. म्हातारा माणूस रोज सकाळी एका शब्दासाठी जगतोय आणि तुम्ही तोही देत नाही, ही कुठली रीत.

त्यांचं खरं होतं. मी खुर्ची पुन्हा बोळाच्या तोंडाशी आणली.

७

त्या सकाळी मावशींना यायला थोडा उशीर होता. मी बाबांना चहा दिला, कवळी घातली, खुर्चीत बसवलं. अंगात घरातलाच सदरा होता, वरची बटणं उघडी. मग मी आत जाऊन माझी तयारी केली. बाहेर आले तेव्हा सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

डाव्या हाताने लावली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. सांगता सांगताच दार उघडलं, कारण खाली मावशींची चाहूल लागली होती आणि मला उशीर होत होता.

बटण बोळात होता. मी काही बोलायच्या आधीच तो कपाटाला चिकटला. पण या वेळी त्याचं तोंड दाराकडे नव्हतं, आत होतं. आतून कोणी बाहेर येणार असल्यासारखी त्याने वाट मोकळी केली होती.

रेक्झिनच्या खुर्चीने श्वास भरून घेतला. जणू कोणी उठलं.

आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “येतो.”

पूर्ण शब्द. ‘त’ला जीभ दातांना नीट लागलेली, ‘तो’ला ओठ गोल झालेले. स्टँडवरचा आवाज, खणखणीत. मी किती महिने त्या आवाजासाठी जीव टाकत होते. अर्थ डोक्यापर्यंत पोचलाच नाही, आणि तोंडाने आपलं काम केलं. जन्मभर जे म्हणत आलो तेच ते म्हणालं.

“या हं, बाबा. सावकाश.”

दारात उभी राहून. दार सताड उघडं.

तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. निकामी हात, जो महिनोन्‌महिने मांडीवर पडून होता. तो खुर्चीच्या हातावरून वर उचललेला होता. मनगट सैल, बोटं एका बाजूला दाबली गेलेली, तळहाताच्या मांसावर दाबल्याचा पांढरा ठसा. म्हाताऱ्या माणसाला उठवताना आपण त्याचा हात धरतो ना, तसा. फक्त धरणारा नव्हता.

मग हात खाली पडला. माझ्या अंगावरून काहीतरी गेलं, थंड वगैरे काही नाही, नुसतं कोणीतरी अंग चोरून जातं तसं. दोनदा.

मावशी वर आल्या तेव्हा मी दारातच होते आणि बाबा खुर्चीत होते, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. इतका मोठा की त्यांना काही कळलंही नसेल. शेवटी बोलले का काही, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

८

लोक येऊन गेले. दुःखाच्या घरातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही, तसेच उठून चालू लागतात. दारात कोणी थांबलं नाही आणि मीही कोणाला काही म्हटलं नाही. एरवी मला ते कोरडं वाटलं असतं. तेव्हा फार बरं वाटलं.

फॉस्टरबाईही आल्या. उभ्याच राहिल्या. बटणला हवं तर परत नेते, म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, “निघताना तुम्ही त्यांना काय म्हणालात?” मी त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले की मी तिथे नव्हतेच. त्यांनी बोळाकडे पाहिलं, बटण दारापाशी पडला होता. त्या बाहेर पडल्या आणि जिना उतरताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बटणला मी दिलं नाही. का, असं कोणी विचारलं तर सांगते की बाबांची शेवटची सोबत आहे, कशी देऊ. ते खरंच आहे. पण त्याच्याशिवाय मला कसं कळणार होतं, हेही आहे. मी बाबांना ‘या’ म्हटलं होतं. आणि ते शब्दाचे पक्के होते. त्यांच्या खिडकीतून सांगितलेली गाडी कधी चुकली नाही.

रेक्झिनची खुर्ची मी देऊन टाकली. मावशी आता येत नाहीत. लॅबमधून आले की दाराला साखळी घालते आणि बैठकीच्या खोलीत काही ना काही काम काढून बसते. ऊन खिडकीतून सरकत सरकत बोळापर्यंत जातं. बटण दाराच्या फटीला नाक लावून पडलेला असतो.

आज तो उठला.

मला वाटलं, शेजारचे आले असतील. पण त्याची शेपटी हलायला लागली. बाबांसाठी हलायची तशी, सगळं अंग वळवून. मग थांबली. तो मागे सरला आणि चपलांच्या कपाटाला चिकटला, पोट आत घेऊन. मी त्याच्या नजरेकडे बघत राहिले की ती आता दाराकडून आत वळेल.

वळली नाही. बटण माझ्याकडे बघत होता. मी उठून जाईन म्हणून त्याने वाट दिली होती.

दाराबाहेरून आवाज आला. खणखणीत, ओळखीचा, मोठ्या प्रेमाचा.

“ये.”

बटण जागचा हलला नाही. तो शब्द त्याला शिकवलेलाच नाही. या घरात तो शब्द कळणारी आता मी एकटी आहे, आणि त्यावर मी आयुष्यात एकच उत्तर दिलेलं आहे. मी दोन्ही ओठ गच्च मिटून, वरून हात दाबून बसले आहे. जीभ मात्र आत टाळूला लागली आहे. ‘येते’ म्हणायला ओठ लागत नाहीत.